खाऱ्या तळ्यातलं विसर्जन

माझ्या बाबांना खाकरायची सवय आहे. सर्दी नाही, दमा नाही, नुसती सवय. सकाळी उठल्यावर, जेवायला बसताना, आणि काही महत्त्वाचं सांगायचं असलं की हमखास. लहानपणी जिन्यात ते खाकरणं ऐकू आलं की आम्ही टीव्ही बंद करून पुस्तक उघडायचो. उभ्या आयुष्यात त्या आवाजाने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मग करोना आला, आणि त्याच आवाजाने माझी पाचावर धारण बसायला लागली.

आम्ही तेव्हा व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडल्या सपाटीवर राहत होतो, मेलबर्नपासून गाडीने तीन तास. नवरा डॉक्टर. बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांनी आधी काही वर्षं खेड्यापाड्यात काढायची असा इथला नियम. त्यामुळे मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातलं घर, तिथल्या मैत्रिणी, शनिवारचा वडापाव, सगळं सोडून एका खाऱ्या तळ्याकाठच्या गावात येऊन पडलो. गाव म्हणजे काय, तर एक छोटं हॉस्पिटल, एक सुपरमार्केट, एक पेट्रोल पंप, धान्याची कोठारं आणि वारा. मी लॅपटॉपवर काम करते, त्यामुळे मला कुठेही नेऊन टाकलं तरी चालतं असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं.

फेब्रुवारीत माझं ऑपरेशन झालं, गर्भाशयात गाठ होती. आईचे गुडघे नुकतेच बदललेले, तिला प्रवास जमणार नव्हता. तेव्हा बाबा आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस लेकीला मऊ भात करून घालायला एकटा विमानात बसून आला. आई फोनवर म्हणाली, "दोन महिन्यांपुरते देतेय गं तुला. धडधाकट परत पाठव." थट्टेतच म्हणाली होती. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं.

आई पुण्यात एकटी. तिच्या खालच्या मजल्यावर पेशंट निघाला तेव्हा जिन्याला पत्रे ठोकले. दूध दोरीने वर यायचं. मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचे आणि ती रोज म्हणायची, "मी मजेत आहे." एकदाच तिचा आवाज बदलला. "घर फार गप्प झालंय गं," ती म्हणाली, "टीव्ही मोठ्याने लावते, पण टीव्हीचं काय खरं." मग लगेच विषय बदलून माझ्या टाक्यांची चौकशी केली.

तेव्हापासून मला एकच काम होतं. विमान सुरू होईपर्यंत बाबांना काही होऊ द्यायचं नाही आणि पहिल्या मिळेल त्या विमानाने आईकडे पोचवायचं. बाकी ऑफिस, डेडलाइन, सगळं गेलं खड्ड्यात.

आणि भीती कशाची नव्हती? नवरा हॉस्पिटलमधून आला की गॅरेजमध्ये कपडे उतरवायचा, आंघोळ करून मागच्या खोलीत झोपायचा. त्याचं ताट मी दाराबाहेर ठेवायचे. बाबांना त्याच्या जवळ फिरकू द्यायचे नाही. सुपरमार्केटमध्ये एकदा बाबा डाळीच्या डब्यांसमोर उभे राहून खाकरले, तर त्या गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंनी पसार झाली. एक बाई ट्रॉली टाकून गेली. मी घरी येऊन बाबांवर चिडले, "जरा गिळायचं ना!" तर म्हणाले, "अगं, गिळलेलं खाकरणं पोटात जाऊन काय करेल सांगता येत नाही." स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

त्यानंतर त्यांना दुकानात नेणं बंद केलं. उरलं तळं.

या सपाटीला कोणी आलं की पहिल्या दिवशी घाबरतं, मी पण घाबरले होते. झाड नाही, डोंगर नाही, नजर कुठे टेकवायची तेच कळत नाही. गवत, गहू, पवनचक्क्या, आणि मध्ये ते तळं, हिवाळ्यात शिशाच्या रंगाचं आणि उन्हाळ्यात काठाला पांढरं. पाणी असं की पायाला चावतं. कित्येक एकर पसरलेलं, पण खोल म्हणाल तर नाही. बाबांना मात्र ही जागा पहिल्या सकाळीच आवडली. बांधावरचा दगड उचलून त्यांनी हातात तोलला आणि खाकरून जाहीर केलं, "हा आपलाच कातळ आहे." खरंच होतं ते. ही सगळी सपाटी जुन्या ज्वालामुखींच्या लाव्हाची, आपल्या दख्खनसारखी. तोच काळा दगड, खालची तीच काळी माती. शेतांच्या कडेने गोऱ्यांनी रचलेले गडगेसुद्धा कोकणातल्यासारखे, चुन्याशिवाय, दगडावर दगड. बाबा त्यांच्यावरून हात फिरवत फिरायचे. म्हणायचे, "दगड वेचल्याशिवाय इथे नांगर चालला नसणार. म्हणजे हे कुंपण नाही, हा शेतातला कचरा आहे."

तळ्याची माहिती आम्हाला दिली ती शेजारणीने. शेजार म्हणजे एक किलोमीटर. ऐंशीच्या घरातली बाई, एकटीच राहायची, मेंढ्या विकून टाकल्या होत्या. ती गडग्याच्या पलीकडे, आम्ही अलीकडे, मध्ये दोन मीटर, असे आम्ही दुपारी उभे राहून बोलायचो. बाबांना इंग्रजी चांगलं यायचं पण तिचे उच्चार कळायचे नाहीत, मग मी सांगायचे.

आधी मोठे मेंढीवाले आले, ती म्हणाली, नजर पोचेल तिथपर्यंतची जमीन एकेकाची. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा सरकारने त्या जमिनीचे तुकडे केले आणि लढाईहून परतलेल्या शिपायांना दिले. तुकडे इतके लहान की पोट भरेना. एक वर्ष पाणी नाही, एक वर्ष नुसतं पाणी. अर्धे लोक पाच-सात वर्षांत गाशा गुंडाळून गेले. त्यांची शाळा बंद झाली, चर्च कोणीतरी विकत घेऊन त्यात लोकर भरली. तिच्या नवऱ्याचे आजोबा मात्र टिकले. टिकले, पण त्यांची पहिली बायको नाही टिकली.

"शिपायांबरोबर फ्लू आला," ती म्हणाली. "आत्तासारखाच. तोंडाला फडकी बांधायचे तेव्हाही. डॉक्टर तळ्याच्या पलीकडच्या गावात. वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस. उन्हाळा होता, तळं कोरडं दिसत होतं, वर पांढरी पापडी. त्यांनी घोडागाडीत तिला घातलं आणि सरळ तळ्यात गाडी हाकली. मध्यावर पापडी फुटली. चाकं आसापर्यंत गेली. तिला पाठीवर घेऊन ते निघाले, काठाला पोचेपर्यंत ती गेली होती." तिने हात लांब करून एक जागा दाखवली. "पाणी खूप उतरलं की चाकाची लोखंडी धाव दिसते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथे आहे. मी त्या तळ्यात पाऊल ठेवलेलं नाही."

मी बाबांना मराठीत सांगितलं तेव्हा मुद्दाम शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. बाबांनी मान डोलावली. "काळ्या मातीचं असंच," ते म्हणाले, "वरून वाळते, आत लोणी." जणू धरणाच्या साइटवर एखाद्या ज्युनियरला समजावताहेत. आयुष्य गेलं होतं ना काळ्या मातीत! तिथेच सगळी गोम होती. माणसाला जे कळतं असं वाटतं त्याची त्याला भीती वाटत नाही.

तळ्याच्या एका टोकाला कौन्सिलने फलक लावला होता. इथले मूळ लोक शरदात इथे जमायचे, ओढ्यात दगडांच्या वाटा रचून वाम मासे धरायचे, असं त्यावर लिहिलं होतं. पुढच्या ओळीत एकदम: त्यानंतर वसाहतकार आले. मी दोनदा वाचलं. "मधलं कुठेय?" मी म्हटलं. बाबा खाकरले. "मधलं लिहीत नाहीत," ते म्हणाले. त्यांनी नोकरीत एक धरण उभं केलं होतं, त्यात गावं गेली होती. "आमच्या धरणावरच्या फलकावर 'गाव' हा शब्दच नाही. लाभक्षेत्र किती, ते मात्र आहे." पुढे माती घ्यायची वेळ आली तेव्हा त्या टोकाला ते गेले नाहीत, मला म्हणाले, "तिथली नको. ती कोणाची तरी आहे." मग सगळंच कोणाचं तरी आहे, मी मनात म्हटलं, आपण कुठे हात घालणार.

माती हवी होती गणपतीला. दर वर्षी आम्ही मेलबर्नच्या मंडळातून मूर्ती आणायचो. त्या वर्षी मेलबर्न बंद, मंडळ बंद, रस्त्यावर पोलिस. मी म्हटलं, सुपारी मांडू. बाबा ऐकतायत होय! शेजारणीच्या शेताच्या कडेची, तळ्यालगतची चिकणमाती तिला विचारून आणली, चाळली, कापूस घालून मळली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर वीतभर गणपती केला. सोंड जरा जाड झाली, डोळे मात्र सुरेख. हळद-कुंकवाने रंगवला. दोन दिवसांनी तो वाळला तशी त्याच्या कानांवर पांढरी बुरशी दिसायला लागली. मी घाबरले. बाबांनी बोट लावून चाखलं. "मीठ फुटलंय," म्हणाले. "तळ्याचं पोर ते, मीठ फुटणारच."

त्याच आठवड्यात ज्याची वाट बघत होतो ती ईमेल आली. भारत सरकारने सोडलेल्या विमानात बाबांना जागा मिळाली होती. गौरी-गणपती गेल्यानंतर सहा दिवसांनी. खाली ठळक अक्षरांत: ताप किंवा खोकला असलेल्या प्रवाशाला चढू दिलं जाणार नाही. आईला फोन केला तेव्हा ती रडली. मी तिला तोवर रडताना फार तर एकदा बघितलं असेल. "मी पुरणाचं सामान आणून ठेवते," ती म्हणाली.

ईमेल आल्यावर सुटायला हवं होतं ना मी? उलट वेड लागायची वेळ आली. दिवसातून चार वेळा बाबांच्या कपाळाला थर्मामीटर. थंड पाणी बंद, दही बंद, ओल्या केसांनी फिरणं बंद. "जेलर," बाबा म्हणायचे. विसर्जनाचं मी आधीच सांगून ठेवलं होतं: संध्याकाळी नवरा शिफ्टवरून आला की मागच्या अंगणात बादलीत. बाबा भडकले. "बादलीत बुडवायला तो काय मोजा आहे? तळ्यातनं आला, तळ्यात जाईल."

"घराबाहेर पडायला चारच कारणं आहेत. त्यात विसर्जन नाही. दंड होईल."

"व्यायाम आहे ना? मी व्यायाम करतो. हातात गणपती असला तर व्यायाम होत नाही काय?"

"बाहेर आठ डिग्री आहे! त्यानंतर सहा दिवसांनी विमान आहे! आईला काय सांगू?" मी अशी ओरडले की मलाच टाके दुखल्यासारखं झालं. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं. केवढी मूर्ख मी. त्यांचं गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे, हे आईने तीस वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी आरती केली, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला, आणि माझी मीटिंग होती म्हणून मी खोलीत गेले. मीटिंग लांबली. बाहेर भुरभुर पाऊस, तळ्यावरून धुकं घरापर्यंत आलेलं. मी हेडफोन काढला तेव्हा घरात काही आवाज नव्हता. मी काय शोधतेय ते मला क्षणभर कळेना. मग कळलं. चहाची वेळ झाली होती आणि कोणी खाकरलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत टेबलावर फुलं होती, समई होती. गणपती नव्हता, पाट नव्हता. दारातले नवऱ्याचे गमबूट नव्हते. नवऱ्याला फोन लावला, तो वॉर्डात, उचलला नाही. आणि का कोण जाणे, पोलिसांच्या आधी मी शेजारणीला फोन केला. "बाबा तळ्यावर गेलेत," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "मी निघालेच."

मी धावत सुटले. काठाच्या गवतातून बुटांचे ठसे दिसत होते, पुढे चिखलात ते खोल, आणखी पुढे प्रत्येक ठशात पाणी. मग पाणी, आणि ठसे संपले. समोर पांढरं धुकं. त्यात काळे हंस कुठेतरी बडबडत होते. मी "बाबा!" ओरडले. वारा तोंडावर होता, हाक माझ्याच मागे गेली. पुन्हा ओरडले. काही नाही. मला ती गाडी आठवली, ती बाई आठवली. आई विचारेल तेव्हा काय सांगायचं, एवढंच डोक्यात. धडधाकट परत पाठव म्हणाली होती ती.

आणि धुक्यातून खाकरल्याचा आवाज आला.

डावीकडून, बराच आत. मी आवाजाच्या दिशेने पाण्यात शिरले. पाणी घोट्याएवढं, पण खाली पाय धरून ठेवणारा लगदा. "येऊ नकोस!" बाबा ओरडले. "तिथेच थांब! इथे तळ नाही!" मग दिसले. पाणी त्यांच्या पिंढरीला लागेल एवढंच असायला हवं होतं, पण ते मांड्यांपर्यंत आत गेले होते. ओठ निळे. आणि दोन्ही हातांत, छातीशी, पाटावर तो गणपती.

"बाबा, अहो सोडा त्याला!"

"अगं बुडत नाहीये," दात वाजत होते त्यांचे. "बुडेल एवढं पाणीच लागेना. म्हणून पुढे येत गेलो."

पूर्ण बुडायला हवा म्हणून! आपल्यात मूर्ती अर्धी बुडवून परत फिरत नाहीत, गुडघाभर तरी पाणी हवं. हे तळं मैलभर घोट्याएवढंच. दुसरं कोणी असतं तर दहा पावलांवर ठेवून परत आलं असतं. माझा बाप गुडघाभर पाणी शोधत मध्यावर निघाला होता. डोक्यात अशी तिडीक गेली की भीती क्षणभर मागे पडली. "ठेवा त्याला खाली!" मी किंचाळले. "नाहीतर मी येते तिथे आणि आपण दोघं बुडू!"

त्यांनी मूर्ती पाण्यात ठेवली. दोन्ही हातांनी दाबून धरली. कच्ची माती, विरघळायला वेळ लागला नाही. मग मीच सांगितलं, पाट पुढ्यात टाका, आडवा, त्याच्यावर छाती टेका. त्यांनी टेकली. पाट दबला पण गेला नाही. "बरोबर आहे," बाबा म्हणाले, "भार पसरला." भार पसरला म्हणे! मी रडत होते आणि हा माणूस मला शाबासकी देत होता.

मागून गाडीचे दिवे आले. शेजारीण दोर घेऊन उतरली. ती काठावर थांबेल असं मला वाटलं होतं. ती थांबली नाही, सरळ पाण्यात आली, गुडघ्यापर्यंत लगद्यात, तोंडाला मास्क, हातात दोर. माझ्या शेजारी पोटावर आडवी झाली. मीही झाले. दोर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बाबांनी धरला आणि काखेतून घेतला. "ओढू नका," ते म्हणाले, "नुसता ताणून धरा. पाय मी हलवतो." किती वेळ गेला सांगता येणार नाही. त्यांनी एक पाय हलवला, खाकरले, दुसरा हलवला, खाकरले. मला त्या आवाजाची इतकी गरज होती की तो थांबला की मी "बाबा!" ओरडायचे. मग एकदम ते पाटासकट पुढे सरकले. गमबूट आतच राहिले, मोज्यांसकट. म्हातारीने त्यांना दोन्ही हातांनी कवटाळून ओढलं. इतक्या महिन्यांत घराबाहेरच्या माणसाने आमच्यातल्या कोणाला हात लावला तो हा पहिला.

काठावर गवतात आम्ही तिघं पडलो. बाबा काहीतरी पुटपुटले. मी कान जवळ नेला.

"'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं राहिलं गं."

"गप्प बसा!" मी म्हटलं. "एक अक्षर बोलू नका!"

शेजारीण तळ्याकडे बघत होती. तिच्या स्लॅक्सला कमरेपर्यंत चिखल. "दे आर गुड, युवर लॉट," तुमची माणसं चांगली आहेत, एवढंच ती म्हणाली आणि गाडीतून घोंगडी आणायला गेली.

रात्री बाबांना ताप आला. नवऱ्याने थर्मामीटर माझ्यापासून लपवून बघितलं, तेव्हाच मला कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने नाकातून स्वॅब घेतला. रिपोर्ट यायला दोन दिवस. ते दोन दिवस मी आईशी खोटं बोलले: बाबा झोपलेत, बाबा बाहेर गेलेत, बाबा आंघोळीला गेलेत. आई म्हणाली, "किती आंघोळी करतात!" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. देवाला मी कधी काही मागत नाही. तेव्हा मागितलं, आणि तेही चिडूनच: तुझ्यापायी झालंय हे सगळं, आता निस्तर.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. खाकरणं मात्र वाढलं. चिखलाचं गार पाणी घशात गेलं होतं, आता त्यात खरखर होती, कोणीही खोकलाच म्हणालं असतं. नवऱ्याने छाती तपासली, फुप्फुसं स्वच्छ. "विमानतळावरच्या माणसाला मी स्टेथोस्कोप देऊ का?" तो म्हणाला. मला थट्टा सहन होत नव्हती.

विमानाच्या दिवशी पहाटेच निघालो. रस्त्याने पोलिसांनी दोनदा अडवलं, परमिट बघितलं, "नो वरीज" म्हणून सोडलं. बाबा मागच्या सीटवर, मास्कखाली लवंग धरून. बॅगेत पाट. तो मी धुतला नव्हता. विसर्जनाहून परतताना पाटावर तिथली चिमूटभर माती आणायची असते. यांनी पाट घट्ट धरून ठेवला होता, माती आपोआप आली. "तुझ्या आईला दाखवतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "काय सांगणार आहात तिला?" म्हणाले, "माती आहे. तळ्याची. एवढंच." आणि मग, लवंग गालात सरकवून, पहिल्यांदाच, "मला भीती वाटली होती गं त्या दिवशी. बुडायची नाही. ती एकटी राहील याची."

विमानतळाच्या दारातून आत फक्त प्रवासी. रांग मोठी, सगळे आपल्यासारखेच अडकलेले आईबाप, फेसशील्ड घातलेले. मी काचेबाहेरून बघत होते. थर्मामीटरवाला बाबांपाशी आला. बाबांचे खांदे ताठ. मान जरा खाली. मला त्यांची प्रत्येक हालचाल पाठ आहे, मला कळलं, आवाज घशापर्यंत आलाय आणि ते तो गिळतायत. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी काचेला हात टेकून म्हणत होते, थांबा, थांबा, अजून थोडं. त्या माणसाने कागद बघितला, हात पुढे केला. जा.

बाबा दाराआड गेले, दहा पावलं चालले, थांबले आणि खांदे हलवून जोरात खाकरले. आवाज काचेतून आला नाही. आजूबाजूची माणसं मात्र पांगली, अगदी सुपरमार्केटसारखी. मी एकीकडे हसत होते, एकीकडे रडत होते. नवरा म्हणाला, "चल."

पुण्याला पोचल्यावर आईने त्यांना दारातच साबण दिला. दोन आठवडे वेगळ्या खोलीत राहायचा नियम होता आणि आई नियम पाळणारी. पुरणपोळीचं ताट दाराबाहेर. सहा महिन्यांनी भेटलेली नवरा-बायको बंद दाराच्या दोन बाजूंना बसून बोलायची. मला फोनवर हे ऐकून वाईट वाटलं. इतकं करून पाठवला माणूस आणि मध्ये दार. "तुला त्रास होत असेल ना गं?" मी विचारलं.

"कसला त्रास?" आई म्हणाली. "कॉट दाराशी ओढून घेतलीये मी. रात्रभर खाकरतात पलीकडे. इतके महिने डोळ्याला डोळा नव्हता गं माझ्या, काल अशी झोप लागली की दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा उठले."

तळ्याचं मी तिला काही सांगितलं नाही. फोन ठेवला, चहा टाकला आणि सवयीने दोन कप काढले. मग ओट्यापाशी उभी राहून ऐकत राहिले. घर फार गप्प होतं.